पाटीच्या आधी चिंचोके : ताराबाई मोडक आणि पहिलीचे गणित

शाळांच्या स्मरणिकांतून थोरांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब यांच्याविषयी आपले माजी विद्यार्थी आणि पालक पुष्कळ वाचत आले आहेत. या वेळी आम्ही ज्यांचे चरित्र सांगणार आहोत त्यांचे कार्य कामठ्यापासून फार दूर, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या एका गावी आणि तिथल्या टेकड्यांत घडले. ताराबाई मोडक हे नाव गावातल्या दहा जणांना विचारले तर एखाद्यालाच ठाऊक असेल. पण त्याच दहा जणांची लेकरे सकाळी जिथे जाऊन बसतात त्या जागेला आपण अंगणवाडी म्हणतो, आणि त्या शब्दामागची मूळ कल्पना ताराबाईंची आहे.

आम्ही पहिली-दुसरीच्या वर्गांत गणित शिकवणारी माणसे. त्यामुळे हे चरित्र वाचताना आमची नजर वारंवार एकाच जागी थांबते. मूल एक ते शंभर धडाधड म्हणून दाखवते, पालक कौतुकाने पाहतात, आणि त्याच मुलासमोर सात चिंचोके ठेवून किती आहेत असे विचारले की ते गोंधळते. म्हणता येणे आणि मोजता येणे यांतले हे अंतर कसे ओलांडायचे, या प्रश्नाला ज्यांनी आपल्या प्रांतात पहिल्यांदा पद्धतशीर उत्तर दिले त्यांत ताराबाईंचे स्थान फार वरचे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, केळकर कुटुंबात झाला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. मुलींना शिकवावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळात पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या वर्षाचे मोल कळते. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. म्हणजे आपल्या विदर्भाशी त्यांचा संबंध काही वर्षांचा का होईना, पण संसाराचा होता. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी होती. घटस्फोट हा शब्द घरात उच्चारायलाही लोक बिचकत असत असा तो काळ होता, आणि एकट्या आईने मुलीसह स्वतःच्या मिळकतीवर उभे राहणे ही त्याहून कठीण गोष्ट होती. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद मिळाले. पगार चांगला, मानमरातब चांगला. सामान्य माणूस तिथेच स्थिरावला असता.

ताराबाईंनी १९२३ साली ते पद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. तिथे दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून बालमंदिर चालवले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या शोधात त्यांच्या हाती इटलीच्या मारिया माँटेसोरी यांचे लेखन पडले आणि वकिली सुटली. मिश्या असलेला हा माणूस मुलांत इतका रमे की गुजरातेत त्यांना मिश्यावाली आई असे नाव पडले. ताराबाई आणि गिजुभाई यांची ही जोडी भारतातल्या बालशिक्षणाच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षणपत्रिका निघू लागली, शिक्षकांसाठी वर्ग सुरू झाले. या बाह्य गोष्टींपेक्षा आम्हांला मोलाचे वाटते ते त्या बालमंदिरात प्रत्यक्ष काय चालत असे हे, आणि ते समजण्यासाठी आधी त्या वेळच्या गावशाळेत काय चालत असे हे पाहिले पाहिजे.

पंतोजींच्या शाळेत गणित म्हणजे पाठांतर. धुळपाटीवर अंक गिरवायचे आणि सुरात उजळणी म्हणायची. उजळणी झाली की पाढे, पाढे झाले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. ही रचना मूर्खपणाची होती असे आम्ही म्हणणार नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया अशा व्यवहारात वाण्याच्या दुकानावर बसणाऱ्याला पाव आणि पाउणाचे पाढे तोंडपाठ असणे म्हणजे रोजची भाकरी होती. पण त्यासाठी ती मुले बसत ज्यांना पुढे दुकानावर किंवा कचेरीत बसायचे होते. ज्याच्या घरात हिशेबाची वही नव्हती त्याच्या दृष्टीने तो सूर म्हणजे अर्थ न कळणारे गाणे होते. छडीच्या भीतीने ते गाणे पाठ होई किंवा छडीच्या भीतीने मूल शाळा सोडून पळे. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या पणजोबांना तर त्या ओसरीवर बसण्याचीच मुभा नव्हती, हे या वाचकवर्गाला सांगण्याची गरज नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत मोडी आणि बाळबोध यांच्या जोडीने हिशेब, शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी होती. हिशेब ही बाब त्यांनी उगीच धरली नव्हती. कर्जाच्या खतावर अंगठा कोणी उमटवला आणि व्याज कोणी मोजले, यावर शेतकऱ्याची जमीन राहणार की जाणार हे ठरत असे. पुढे १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू असता बाबासाहेबांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा होतात, असा तो हिशेब होता. फी, दारिद्र्य, अस्पृश्यता, शाळांचे अंतर ही कारणे होतीच. आमच्या अनुभवाने आम्ही त्यांत आणखी एक मिळवतो : पहिलीच्या वर्गातच मुलाला आपण मठ्ठ आहोत असे पटवून दिले जाते, आणि हे पटवण्याचे काम जेवढे गणित करते तेवढे दुसरा कोणताही विषय करीत नाही.

बाबासाहेब हा आकडा मांडत होते त्याच वर्षांत भावनगरच्या बालमंदिरात ताराबाई मुलांच्या हातात लाकडी दांड्या देत होत्या. माँटेसोरी पद्धतीत संख्येची सुरुवात होते ती दहा दांड्यांपासून. सर्वांत लहान दांडी दहा सेंटीमीटरची, सर्वांत मोठी एक मीटरची, आणि प्रत्येकीवर दहा-दहा सेंटीमीटरचे तांबडे-निळे पट्टे. मूल दांडी उचलते तेव्हा सात ही संख्या त्याच्या दोन्ही हातांना जाणवते. ती सहापेक्षा लांब आणि जड आहे हे कोणी सांगावे लागत नाही. अंकांची ओळख निराळी, ती खरकागदावर कापलेल्या अंकांवरून बोट फिरवून होते. संख्या आणि अंक यांची गाठ मारली जाते ती त्यानंतर. त्यासाठी चात्यांची पेटी असते. पेटीला शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि मोजून पंचेचाळीस चात्या. एकाच्या कप्प्यात एक, दोनाच्या कप्प्यात दोन, असे करीत मूल नवापर्यंत जाते. कुठे एक जास्त पडली तर शेवटी नवाच्या कप्प्याला एक कमी पडते, आणि चूक मुलालाच दिसते. शिक्षकाने डोळे वटारण्याची गरज राहत नाही.

आणि शून्याचा कप्पा रिकामा राहतो. मुले त्यात काहीतरी टाकायला धावतात आणि थांबतात. शून्य हा शब्द आपल्या धम्मवाङ्मयात मोठ्या गहन अर्थाने येतो आणि पंडित त्यावर ग्रंथ लिहितात. सहा वर्षांच्या मुलाला मात्र तो रिकाम्या कप्प्यात चटकन भेटतो.

पुढची पायरी दशकाची. एक सुटा मणी, दहा मण्यांची एक सर, अशा दहा सरींचा चौकोन म्हणजे शंभर, आणि दहा चौकोन एकावर एक रचले की हजाराचा घन. ज्याने हजाराचा घन तळहातावर तोलला आहे त्याला हजार म्हणजे एकावर तीन शून्ये एवढेच सांगून भागत नाही, त्याला ते वजन माहीत असते. मराठीत बेरजेतला पुढे नेलेला दशक आपण हातचा म्हणतो. शब्द किती नेमका आहे पाहा. पण आपल्या बहुतेक वर्गांत हा हातचा कधी हातात येतच नाही, तो पाटीच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ होऊन बसतो.

ताराबाईंनी हे सारे मनापासून स्वीकारले, पण डोळे मिटून नव्हे. परदेशी मापाचे गुळगुळीत लाकडी साहित्य महाग होते. ते ज्या संस्थांना परवडे त्यांत गरिबांची मुले नसत. १९३० नंतरच्या दशकात त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गाने या शाळेचे स्वागत केले. बालशिक्षिका तयार करण्याचे वर्गही तिथे चालले. १९३९ च्या जून महिन्यात गिजुभाई वारले, आणि त्याच वर्षी माँटेसोरीबाई स्वतः भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यारला शिक्षकांना प्रशिक्षण देऊ लागल्या. देशभर या पद्धतीचा बोलबाला झाला. ताराबाईंचे नाव झाले होते, वय पन्नाशीला आले होते, शाळा भरभराटीला आली होती.

इथे त्यांच्या आयुष्याने दुसऱ्यांदा वळण घेतले. बालशिक्षण ही शहरातल्या सुस्थितीतल्या घरांची हौस होऊन बसली आहे आणि खेड्यातले मूल त्याच्या बाहेर आहे, ही टोचणी त्यांना होती. गांधीजींच्या शिक्षणविचाराचाही त्यांच्यावर परिणाम होता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तो भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. आचार्य भिसे यांचे शिक्षणाचे काम तिथे आधीपासून उभे होते. ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि त्यांना सहकारी मिळाल्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली आणि ती सोडून बोर्डीला आल्या. या दोघींची साथ ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत अठ्ठावीस वर्षे टिकली.

हे वर्ष कोणते होते तेही ध्यानात ठेवावे. १९४५ मध्येच डहाणू, उंबरगाव, तलासरीच्या टापूत वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यामागे उभी होती. सावकार आणि जमीनदार लग्नासाठी थोडेसे कर्ज देत आणि ते फिटल्याचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या उगवत नसे, कारण किती दिले आणि किती फिटले हे मोजणारा एकच पक्ष होता. ताराबाई राजकीय लढ्यात नव्हत्या. त्यांचा मार्ग निराळा होता, आणि काहींना तो फारच सावकाश वाटला असेल. पण ज्या टापूत माणसांना मोजता न येण्याची किंमत आयुष्याने चुकवावी लागत होती तिथेच त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर शिंपले आणि बिया मांडल्या, हा योगायोग आम्हांला साधा वाटत नाही.

बालवाडी हा शब्द तिथे रुळला. पण मुले येईनात. वस्ती दूर, अंगावर कपडा नाही, शाळेच्या इमारतीचाच धाक. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीचे दोन प्रकार केले. एक मध्यवर्ती बालवाडी, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेची. दुसरी अंगण बालवाडी : शिक्षिकेनेच साहित्य घेऊन वस्तीत जायचे, जिथे मुले खेळत असतील त्या अंगणात बसायचे आणि तिथेच शाळा भरवायची. दलित वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत या शिक्षिका गेल्या. मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे इथपासून कामाला सुरुवात होई. आणि साहित्य? इटलीच्या दांड्या आणि काचमणी आता मागे राहिले. खडे, काड्या, पाने, फुले, बिया, शंख-शिंपले. त्यांना पैसा पडत नव्हता, हरवले तर कोणी रागावत नव्हते, आणि मूल घरी गेले तरी ते दाराशी हजर असत. आमच्या मते ताराबाईंचे सर्वांत मोठे शैक्षणिक काम हे आहे. पद्धतीतला जीव त्यांनी ठेवला आणि तिचे महागडे शरीर टाकून दिले.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर, थेट वारल्यांच्या वस्तीत गेले. गंमत अशी की त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशात दशमान नाणी सुरू झाली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावकी-पाउणकीचे जग मावळू लागले आणि दहाच्या जुडीचे जग सुरू झाले. शाळेत गणित शिकवणाऱ्यांसाठी हा बदल केवढा मोठा होता, हे आज खूप वयोवृद्ध वाचकांनाच नीट आठवेल.

कोसबादला एक नवी अडचण उभी राहिली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत यायची तर तिच्या कडेवरच्या भावंडाला कोण पाहणार? आईबाप मजुरीला गेलेले. मुलगी येत नव्हती याचे कारण तिला शिकायचे नव्हते हे नसून तिचे हात मोकळे नव्हते हे होते. म्हणून ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली पहिलीत. आज हे वाचायला सोपे वाटते. पण शाळा नावाच्या व्यवस्थेने मुलाच्या घराची रचना पाहून आपली रचना बदलली, असे आपल्याकडे फार थोड्या वेळा घडले आहे.

मुलग्यांची गोष्ट निराळी. ते गुरांमागे रानात जात. मग शाळाच कुरणात नेली. गुरे चरत असताना झाडाखाली भरणाऱ्या या शाळेला कुरणशाळा म्हणत, आणि ताराबाई-अनुताईंनी तिच्यावर पुढे पुस्तकही लिहिले. गुराखी मुलाला गणित येत नाही असे म्हणणाऱ्याने कधी गुरे राखलेली नसतात. संध्याकाळी एक वासरू कमी आले तर त्याला ते न मोजताही कळते आणि मोजूनही कळते. घरापासून निघालेले प्रत्येक जनावर आणि घरी परतलेले प्रत्येक जनावर यांची जोडी त्याच्या मनात लागलेली असते. आमच्या पाठ्यपुस्तकांत याला एकास एक संगती म्हणतात. ज्ञान त्याच्याजवळ आधीच होते, त्याला फक्त खडा, मग रेघ आणि मग अंक एवढी वाट दाखवायची राहिली होती.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे वाचताना कोणाला काय आठवेल हे आम्ही जाणतो. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या घरातले लेकरू सत्तर पानांचे पुडके बांधायला बसते आणि सत्तर म्हणजे सत्तरच बांधते. बिडीवळणाऱ्या बायकांच्या घरात पंचवीस बिड्यांचा कट्टा, आणि चाळीस कट्टे झाले की हजार, हा हिशेब सर्वांना तोंडी. मजुरी हजारावर ठरे आणि ठेकेदाराच्या माणसाने छाटून बाजूला टाकलेल्या बिड्यांना मजुरी नसे, म्हणून आईच्या शेजारी बसलेली मुलगी कट्टे दोनदा मोजी. कामठा ही जुन्या जमीनदारीची जागा. धान पिकवणारा एक आणि मोजून नेणारा दुसरा, ही रीत इथल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. वीस कुडवांची खंडी मोजताना किती कुडव झाले हे मोठ्याने म्हणणारा माणूस कोणाचा आहे यावर बरेच काही अवलंबून असे. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत कुठे किती टाकायच्या हे आठ वर्षांचे पोरही सांगते. हे मूल जून महिन्यात आपल्या शाळेत येते, आईपासून दूर वसतिगृहात राहते, आणि पहिल्याच आठवड्यात कोणी त्याला पाटीवर एक ते शंभर लिहायला बसवले तर ते हे सारे गणित घरी विसरून आल्यासारखे गप्प होते.

इथे मराठी भाषेचीही एक खोड सांगितली पाहिजे, कारण पहिली-दुसरीच्या वर्गात तिचा जाच रोज दिसतो. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मूल ऐकते त्या क्रमाने लिहिते आणि बारा लिहून ठेवते. एकोणतीस तर याहून वाकडा : कानाला तीस ऐकू येते, एक ऐकू येतो, आणि हात एकतीस लिहितो. शेजारच्या तेलंगणातल्या तेलुगू मुलाला हा त्रास नाही, त्याची भाषा वीस आधी म्हणते आणि एक नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचनाची जोडपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता! थट्टेचे विनोद झाले, विधिमंडळात चर्चा झाली. आम्ही त्या बदलाच्या बाजूचे आहोत, निदान सुरुवातीच्या महिन्यांपुरते. दोन दशकांच्या जुड्या आणि एक सुटी काडी समोर ठेवली की मूल आपोआप वीस आणि एक असेच म्हणते. एकवीस हा शब्द मग त्याच्या गळी उतरवायला वेळ लागत नाही. अर्थात ज्या वर्गात जुड्याच नाहीत तिथे वीस एक म्हणा की एकवीस म्हणा, ते पुन्हा पंतोजींचे गाणेच होणार.

ताराबाईंच्या चरित्रात सार्वजनिक मानसन्मानही आहेत. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सभासद होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. बालशिक्षणावर त्यांनी मराठीत आणि गुजरातीत विपुल लिहिले. या बाबी आम्ही एका परिच्छेदात आटोपतो, कारण त्या इतरत्र सहज वाचायला मिळतात, आणि आमच्या समजुतीप्रमाणे ताराबाईंना स्वतःला कोसबादच्या टेकडीवर बसलेले धुळीने माखलेले मूल यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटत असे. पदवीधर, प्राचार्य, मुंबईतल्या नामांकित शाळेच्या संस्थापक, असे एकेक पद सोडत त्या दर वेळी अधिक गरीब मुलांकडे सरकत गेल्या. राजकोटहून भावनगर, भावनगरहून दादर, दादरहून बोर्डी, बोर्डीहून कोसबाद. नकाशावर हा प्रवास काढून पाहिला तर दादर तेवढे वाटेत आडवे येते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. कोसबादचे काम अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके सांभाळले; १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या अंगणात शिक्षिका साहित्य घेऊन गेली होती, तो शब्द असा देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. शब्दाबरोबर शिंपले आणि बियाही पोहोचल्या का, हे प्रत्येक गावाने आपापल्या अंगणवाडीत डोकावून पाहावे. पोषण आहाराचे काम तिथे मोठे आहे आणि ते झालेच पाहिजे, पण खिचडी शिजण्याच्या वेळात ताईंना मुलांसमोर दहा खडे मांडायला उसंत मिळते की नाही, हेही पालकांनी विचारावे.

आमच्या पहिलीच्या वर्गाला दर वर्षी साहित्य पुन्हा गोळा करावे लागते, कारण मुले चिंचोके खिशात घालून वसतिगृहात नेतात आणि रात्री त्यांचा खेळ मांडतात. त्याला आमची हरकत नाही. चिंचेचा हंगाम संपताना पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घरचे चिंचोके धुऊन, वाळवून, जमल्यास पिशवीभर पाठवावेत. सीताफळाच्या बियाही चालतील, त्या काळ्या असल्याने चिंचोक्यांपासून वेगळ्या निवडायला सोप्या जातात आणि वर्गीकरणाच्या खेळाला उपयोगी पडतात. दहाच्या जुड्या बांधण्यासाठी सारख्या लांबीच्या काड्या हव्या आहेत. धानाच्या तणसाच्या नको, त्या दोन दिवसांत चुरतात. कडधान्य मात्र पाठवू नये. मागे कोणी भक्तिभावाने लाखोळीची डाळ पाठवली होती, ती मुलांनी मोजण्याआधी उंदरांनी मोजली.